टपालपेटी

पहाटे चारला वॉर्डातून फोन आला. "डॉक्टर, आजींची साखर 54."

माझी झोप उडाली. आदल्या दुपारी ह्याच आजी 540 साखर घेऊन दाखल झाल्या होत्या. सलाईन सोडलं तर वेगळं काही दिलं नव्हतं. इन्सुलिन त्या घरी घेत होत्या तेच आणि तेवढंच. चार महिन्यांत मीच ते तीनदा वाढवलं होतं. ग्लुकोज द्यायला सांगून निघालो. बाहेर उणे 28.

गाव डेव्हिल्स लेक, राज्य अमेरिकेतलं नॉर्थ डकोटा. जे-वन व्हिसावर शिकलेल्या परदेशी डॉक्टरांना दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काढली की ती अट माफ होते. ह्या योजनेला नाव आहे केंट कॉनराड यांचं, ते इथलेच माजी सिनेटर. तर माझ्यासारखे बरेच जण ह्या बर्फात येतात ते असे.

तळ्याच्या दक्षिणेला स्पिरिट लेक नेशन, 1867 च्या करारानं डकोटा ह्या इथल्या मूळ रहिवाशांकडे राहिलेली जमीन. ते तळ्याला म्हणतात मिनी वाकान, म्हणजे पवित्र पाणी. भाषांतर करणाऱ्यांनी त्या 'वाकान'चा सैतान केला आणि तेच नाव नकाशावर बसलं. ह्या तळ्यातून पाणी सहजी बाहेर पडत नाही. 1940 साली पातळी 1401 फुटांवर होती, 2011 साली 1454 वर गेली. त्यातली तीसेक फुटांची चढ 1993 नंतरची. शेतं गेली, घरं गेली, रस्ते गेले. जे उरले ते भराव टाकून पुन्हा पुन्हा उंच केले.

सकाळी आजी उठून बसल्या होत्या. मी विचारलं, इन्सुलिन रोज घेता? "घेते." फ्रिजमध्ये ठेवता? "ठेवते." एवढंच. आजी मोजकं बोलतात, आणि ह्या मोजक्या बोलण्याचा मी चार महिने सोयीचा अर्थ लावला होता. माझ्या नोंदीत माझ्याच अक्षरांत होतं: औषधं नियमित घेत नाहीत.

दिवसपाळीची नर्स स्पिरिट लेकमधल्याच फोर्ट टॉटन गावची. ती त्यांना उन्ची म्हणते, म्हणजे आजी. दोघी त्यांच्या बोलीत थोडं बोलल्या, हसल्याही. मग तिनं इंग्रजीत एकच प्रश्न विचारला.

"उन्ची, तुमची टपालपेटी घरापासून किती लांब?"

जुना रस्ता पाण्याखाली गेल्यापासून पेटी हमरस्त्यावर होती, घरापासून दोन मैल. इन्सुलिन टपालानं यायचं. नातू कामावरून परतताना पेटी उघडायचा, तेही रोज नाही. पत्र्याच्या पेटीत, जानेवारीत, दोन-दोन रात्री. इन्सुलिन गोठलं की वाया जातं, आणि वितळल्यावर बरेचदा दिसायला स्वच्छच दिसतं. आजी इमानेइतबारे टोचून घेत होत्या, पण त्यात औषधाचा जोरच उरला नव्हता. आकडा चढला की मी डोस वाढवत होतो. आमच्या फ्रिजमधलं ताजं इन्सुलिन त्याच मापानं दिलं आणि साखर 54 वर आली. घरी इन्सुलिनची एखादी खेप चुकून न गोठता पोचली असती तर? ह्या विचारानं आजही पोटात गोळा येतो.

डोस निम्म्याहून खाली आणला. टपाल बंद करून औषध फोर्ट टॉटनच्या दवाखान्यात खिडकीवर ठेवायची सोय केली. नातू तिथूनच जातो. नोंदीतली ती ओळ दुरुस्त केली. खोडता येत नाही, फक्त खाली नवी जोडता येते.

घरी जाताना आजींनी पहिल्यांदाच मला काही विचारलं: गाव कुठलं? म्हटलं, माझं आजोळ पळसदेव. उजनी धरणात जुनं गाव गेलं, लोक वर सरकले. दुष्काळात पाणी आटलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, मग सगळे बघायला जातात.

त्या थोडा वेळ गप्प होत्या. कोट घालता घालता म्हणाल्या, "मग तुमच्या लोकांचं टपाल कुठे येतं?"