तीन मिनिटं झाली

सोमवार, रात्री साडेअकरा

मावशी काल पहाटे गेली. आज माझ्या वाट्याला एकच काम होतं, तिच्या निधनाची बातमी लिहून द्यायचं. "तुझा हात लिहिता आहे, तूच लिही," म्हणत दादाने बाकीची सगळी धावपळ स्वतःच्या अंगावर घेतली. मला वाटलं होतं तासाभरात होईल. आत्तापर्यंत वहीत एकच वाक्य उतरलंय आणि तेही खोडलेलं आहे.

'मनमिळाऊ स्वभावाच्या आणि सर्वांच्या लाडक्या अशा...' इथपर्यंत हात आपोआप चालला. जन्मभर हीच वाक्यं वाचत आल्यामुळे असेल, डोकं लागलंच नाही. मग थांबले, कारण मावशी मनमिळाऊ नव्हती. ती मोजून बोलायची. घरी कुणी आलं तर दहा मिनिटं समोर बसायची आणि उठून आत जायची. पुढे 'अल्पशा आजाराने' येणार होतं. चार वर्षं अंथरुणावर काढली तिने, त्यातलं अल्प काय होतं?

नावाआधी काय लावायचं तेही कळेना. तिने लग्न केलं नव्हतं. एकोणऐंशीव्या वर्षी 'कुमारी' लिहिणं विचित्र वाटतं, आणि 'श्रीमती' लिहिलं तर वाचणारे नवऱ्याबद्दल विचारणार. शेवटी नुसतं नाव आणि आडनाव ठेवलं. तिची सहीही तशीच होती.

सगळ्यात जड गेला तो 'त्या'. मी तिला आयुष्यभर 'अगं मावशी' म्हणत आले. 'त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या' असं लिहिलं आणि वाटलं, कुण्या परक्या बाईंबद्दल लिहितेय. वर तो भूतकाळ. तिचा चष्मा टेबलावर आहे, औषधांचा डबा आहे, कपाटाची किल्ली तिने ठेवली तिथेच आहे. एका तिलाच 'होत्या' म्हणायचं.

मंगळवार, दुपार

आज ठरवलं, आधी खात्री करण्याजोगं सगळं गोळा करायचं, शब्दांचं मग बघू.

वर्तमानपत्राच्या माणसाशी बोलले. घरच्यांनी पैसे भरून दिलेली निधनाची सूचना ही त्यांच्या लेखी जाहिरात असते. ती आपल्या शब्दांत छापून येते, पण शब्द मोजून द्यावे लागतात. संपादकीय विभागाने लिहिलेला मृत्युलेख वेगळा, तो कुणावर लिहायचा हे तेच ठरवतात. मग त्याने मृत्यूच्या दाखल्याची प्रत मागितली. क्षणभर राग आला, मावशी गेली हे मी सिद्ध करायचं? तो शांतपणे म्हणाला, खोडसाळपणे जिवंत माणसाची बातमी देणारेही असतात. त्यानेच पुढे सांगितलं की घरचा पत्ता आणि पूर्ण जन्मतारीख छापायला देऊ नका, गेलेल्या माणसाच्या नावावर फसवणूक होते. हे मला सुचलंच नसतं.

तारखेचा तर आधीच घोळ होता. शाळेच्या दाखल्यावर एक तारीख, आई सांगते ती दुसरी. नुसतं वय घालायचं ठरलं.

नोकरीची वर्षं नक्की करायला तिच्या जुन्या सहकारी बाईंना फोन लावला. मला दोन आकडे हवे होते, बाई पाऊण तास बोलल्या.

त्या आणि मावशी ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून द्यायच्या जागी, शेजारी बसायच्या. ट्रंक कॉलचा हिशेब तीन-तीन मिनिटांचा असायचा. वेळ भरत आली की ऑपरेटरने मध्ये शिरून सांगायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" रात्रपाळीला जे कॉल यायचे त्यातले बरेचसे वाईट बातमीचे. इकडचा माणूस कसंबसं एक वाक्य सांगायचा आणि मग तिकडून नुसतं रडणं ऐकू यायचं. नियमाप्रमाणे तिथेही मध्ये बोलायचंच. "आम्ही बोलायचो गं, नोकरी होती," बाई म्हणाल्या. "तुझी मावशी बोलायची नाही. हेडफोन कानाला लावून गप्प बसून राहायची. रडणं ओसरलं, ती माणसं पुन्हा बोलायला लागली, की मग हळूच विचारायची. दोनदा वरिष्ठांची बोलणी खाल्ली तिने त्यापायी. कॉलच्या हिशेबाच्या तिकिटावर ती मिनिटं किती लिहायची ते मी तिला कधी विचारलं नाही, तूही आता विचारू नकोस."

फोन ठेवून मी तिथेच बसून राहिले.

माझं ठरलेलं लग्न मोडलं त्या रात्री मी मावशीला फोन केला होता. मी रडत होते आणि ती पलीकडे गप्प होती. 'होईल सगळं नीट' नाही, 'रडू नकोस' नाही, काहीच नाही. माझं रडून झाल्यावर तिने विचारलं, "जेवलीस का?" एवढंच. हे मी किती वर्षं मनात धरून ठेवलं होतं. आईलाही एकदा बोलून दाखवलं होतं की मावशीला माया दाखवता येत नाही.

तिला हे सांगायला आता उशीर झालाय.

मंगळवार, रात्र

झोप येत नाही म्हणून इतरांनी कसं लिहिलंय ते वाचत बसले. २००१ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळल्यानंतर 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बळी गेलेल्या माणसांवर छोटी टिपणं छापायला सुरुवात केली आणि त्या वर्षाच्या अखेरपर्यंत १,८०० हून अधिक टिपणं छापली. प्रत्येक टिपण जेमतेम दोनशे शब्दांचं. मोठ्या हुद्द्याचा अधिकारी असो, आगीचा बंब घेऊन धावलेला जवान असो की स्वयंपाकघरात काम करणारा माणूस, जागा साधारण सारखीच. त्यात पदव्यांची यादी नसते. वार्ताहर घरच्यांना फोन करायचे आणि तो माणूस घरात कसा वागायचा ते विचारून घ्यायचे. पाच-सहा वाचली. एकही माणूस 'सर्वांचा लाडका' नव्हता, आणि तरी प्रत्येक जण डोळ्यांसमोर उभा राहिला.

त्याच वर्तमानपत्राने २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट कबूल केली. १८५१ पासून आपल्याकडे मृत्युलेख आले ते बहुतांशी गोऱ्या पुरुषांचेच. मग सुटून गेलेल्यांवर त्यांनी नव्याने लिहायला घेतलं. पहिल्याच यादीत मधुबाला होती. ती १९६९ मध्ये गेली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, आणि तिच्यावरचा लेख आला एकोणपन्नास वर्षांनी. जिला सगळा देश ओळखत होता तिचीही नोंद राहून जाते. रात्रपाळीला बोर्डावर बसणाऱ्या बाईची नोंद घरच्यांनीच करायची, दुसरं कोण करणार? म्हणूनच ती खरी असायला हवी असं मला वाटतं. त्या मोजक्या ओळींत आयतं विशेषण आलं, की मावशीची एक जागा गेली.

दादाला हे पटवताना थोडं वाजलं. त्याचं म्हणणं, "मनमिळाऊ लिहिलं तर काय बिघडतं? चांगलंच आहे की." मी त्याला फोनवर ऐकलेलं सगळं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काढ ते. हे लिही."

बुधवार, पहाट

शेवटची अडचण उरली 'पश्चात'ची. 'त्यांच्या पश्चात पती, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे' हे वाक्य संसार केलेल्या माणसासाठी बेतलेलं. मावशीचं त्यात काहीच बसत नाही. 'बहीण व भाचरे' लिहिलं तर ते खोटं नाही, पण लांबून हळहळायला आलेल्या नातेवाइकांसारखं वाटतं. शाळेतून आल्यावर दार उघडायची ती मावशी. तापात उशाशी बसायची तीही मावशीच. आई नोकरीपायी सतत फिरतीवर असायची. हे लिहावं तर आईला लागेल, म्हणून रात्रभर लिहीत आणि खोडत होते.

पाच वाजता आई उठली. तिला मजकूर वाचून दाखवला.

'टेलिफोन एक्स्चेंजमधील निवृत्त ट्रंक ऑपरेटर' याच्या पुढे नाव, 'यांचे रविवारी पहाटे दीर्घ आजाराने निधन झाले. त्या ७९ वर्षांच्या होत्या. रात्रपाळीत वाईट बातमी ऐकून रडणाऱ्यांना तीन मिनिटे झाल्याचे त्यांनी कधीही मध्येच सांगितले नाही. त्यांच्या पश्चात बहीण व भाचरे आहेत.'

"'भाचरे' का?" आईने विचारलं.

मी गप्प.

"'त्यांनी वाढवलेली दोन मुले' असं लिही. मी कुठे होते घरी? वाढवलं तिनेच तुम्हाला."

मी लिहिलं. आईने वही मागून घेतली, ओळींखालून बोट फिरवत स्वतः वाचलं आणि परत दिली. म्हणाली, "त्या, त्या काय? पेपरात राहू दे. मला नीट वाचून दाखव."

मी पहिल्यापासून पुन्हा वाचलं. ती एकोणऐंशी वर्षांची होती. रडणाऱ्यांना तिने कधी मध्येच सांगितलं नाही. तिच्या मागे बहीण आहे, आणि तिने वाढवलेली दोन मुलं.

आई रडायला लागली. मी काही बोलले नाही, बसून राहिले.