निकाह आहे की गेला?

पोटगीच्या प्रकरणात नवरा कोर्टात आला की त्याच्या हातात काहीतरी कागद असतोच. काम बंद असल्याचा दाखला, आईच्या आजारपणाची फाईल, नाहीतर तलाकनामा. त्या शुक्रवारी समोरच्या वकिलांनी 'से', म्हणजे नवऱ्याचं लेखी म्हणणं, दाखल केला आणि सोबत तीन तलाकनामे जोडले. तारखा वेगवेगळ्या: 5 डिसेंबर, 6 जानेवारी, 7 फेब्रुवारी. बाकी सगळं सारखं. तोच टायपिस्ट, तेच दोन साक्षीदार, तिन्हीत 'समक्ष'चं 'सक्षम' झालेलं. फक्त मधल्या कागदात एक परिच्छेद जास्तीचा होता. 6 जानेवारीला राहत्या घरी बुजुर्गांची बैठक झाली, दोन्हीकडच्या माणसांनी समजावलं, बायको बधली नाही, म्हणून नवऱ्यानं त्यांच्यादेखत दुसरा तलाक उच्चारला.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी चौदा वर्षं वकिली करते. सुरुवातीला असले कागद यायचे तेव्हा एकच यायचा आणि त्यावर तीनदा लिहिलेलं असायचं. 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं एका दमातला तलाक मोडीत काढला. 2019 च्या कायद्यानं तर तो गुन्हाच केला, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. तेव्हापासून तीन कागद येतात, महिन्या-महिन्याच्या अंतरानं, म्हणजे एका दमात नाही, टप्प्याटप्प्यानं दिलेला तलाक-ए-हसन झाला. कायदा बदलला की तो आम्हा वकिलांच्या बार रूमच्या आधी टायपिंगच्या दुकानात पोचतो.

माझी पक्षकार बाकाच्या टोकाला बसली होती. एकोणतीस वर्षांची, दोन लेकरं, साड्यांना फॉल-पिको करून पोट भरणारी. तिचं काम माझ्याकडे विधी सेवा समितीतून आलं होतं. बाईमाणसाला तिथं मोफत वकील मिळतो आणि उत्पन्नाची अट नसते, हे पुष्कळ जणींना ठाऊकच नाही. पहिल्या भेटीत तिनं पोटगीचं विचारलंच नव्हतं. ती म्हणाली होती, "आपा, मेरा निकाह है की गया?"

मी वकिली उत्तर दिलं होतं. फोनवर तीनदा म्हणाला असेल तर कायद्यानं काहीच झालेलं नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की ज्या बाईचं रेशन कार्ड सासूनं काढून घेतलंय, जिच्या खोलीचं लाइट कनेक्शन तोडलंय, तिला मी सांगतेय की काही झालेलं नाही! फोनवर तो तीनदा म्हणालाच होता, फेब्रुवारीत. पण कॉल रेकॉर्ड केलेला नव्हता. 2019 च्या कायद्याखाली तक्रार देतेस का, असंही मी विचारलं होतं. "अंदर गया तो पैसे कौन देगा, आप?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या कायद्यात निर्वाहभत्त्याचं कलम आहे, पण तो द्यायचा त्याच नवऱ्यानं. तो फॅब्रिकेशनच्या दुकानात गेट-ग्रिल जोडणारा, रोज काम केलं तर रोज पैसे. माणूस वाईट चालीचा नाही, असं तीही सांगते. जमातमध्ये जायला लागल्यापासून गुटखा सुटला, नमाज चुकत नाही.

तसं पाहिलं तर पोटगीपुरते ते तीन कागद फार अडचणीचे नव्हते. तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही फौजदारी संहितेखाली पोटगी मागता येते, हे शहाबानोच्या खटल्यात 1985 सालीच ठरलं. तिच्या पोटगीचे महिना 179 रुपये 20 पैसे साऱ्या देशाला पुरले. 1986 च्या कायद्यानं ते घोळात टाकलं, 2001 मध्ये न्यायालयानं त्यातून वाट काढली, आणि 10 जुलै 2024 च्या निकालात फौजदारी संहिता आणि 1986 चा कायदा, दोन्ही रस्ते खुले असल्याचं पुन्हा स्पष्ट झालं. 1 जुलै 2024 पासून पोटगीच्या कलमाचा आकडा 125 चा 144 झाला एवढंच. आमच्या बारमध्ये अजून सगळे वन ट्वेंटीफाईव्हच म्हणतात.

पण तिला घर हवं होतं. दहा बाय बाराची पत्र्याची खोली, सासूच्या नावावर. सासूच्या नावावर असली तरी नांदत्या सुनेला तिथून असं उठवता येत नाही, हे 2020 पासून पक्कं आहे. तलाक झालेल्या बाईचा प्रश्न मात्र इतका सरळ राहत नाही. म्हणून ते तीन कागद. समोरच्यांना पोटगीचे दोन-चार हजार जड नव्हते, त्यांना खोली रिकामी हवी होती.

न्यायाधीश साहेबांनी पुढची तारीख दिली. बाहेर झेरॉक्सवाल्याच्या टपरीजवळ मी तिला कागद वाचून दाखवू लागले. मला घाई होती, अजून दोन प्रकरणांचा पुकारा व्हायचा होता. मधला कागद अर्धा झाला तेव्हा तिनं थांबवलं.

"छे जनवरी? उस टैम तो वो चिल्ले में थे."

"नक्की?"

तिनं कॅरीबॅग उघडली. आधार कार्डं, निकाहनामा, शाळेच्या फीच्या पावत्या, आणि त्यात घडी घालून ठेवलेलं ग्रामीण रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड. धाकट्याला ताप चढून झटके आले होते, 4 ते 8 जानेवारी तो भरती होता. तिनं नवऱ्याला फोन केला तर तो दुसऱ्याच कुणी उचलला, म्हणाला, साथी गश्तला गेलेत. "आपा, मैं तो घर पे बी नै थी. बैठक किस के सामने हुई?"

बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. तबलीगी जमातीत माणूस स्वतःच्या खर्चानं, स्वतःचं अंथरूण घेऊन निघतो. तीन दिवस, चाळीस दिवस म्हणजे चिल्ला, नाहीतर चार महिने. परगावच्या मशिदीत मुक्काम, संध्याकाळी मोहल्ल्यात दारोदार फिरून लोकांना नमाजाला बोलवायचं, ती गश्त. बोलवायचं ते मुसलमानांनाच. बाहेर मात्र लोकांना वाटतं, हे इतरांचा धर्म बदलायला निघालेत. आमच्या गावातून दरवर्षी वीस-पंचवीस जण तरी चिल्ल्याला जातात. निघण्याआधी अमीर, म्हणजे जमातीचा प्रमुख, विचारतो: कर्ज फेडलं का, घरखर्चाचं काय केलं? आमचे अमीर म्हणजे जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. सगळा गाव त्यांना हेडसर म्हणतो. आणि हेडसर वही ठेवतात, हे मला चांगलं माहीत होतं.

माहीत असायचं कारण 2020. त्या वर्षी परराज्यातली दहा जणांची जमात आमच्या मशिदीत अडकली होती. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला, आसरा दिला म्हणून हेडसरांवरही. आरोप असा की जमावबंदी मोडून लपून बसले. मी वकीलपत्र घेतलं. आमच्या बारमध्ये तेव्हा दुसरं कुणी घेईना. हेडसरांच्या वहीत जमात आल्याची तारीख होती 14 मार्च. देशभरची टाळेबंदी 25 मार्चची. त्या वहीनं अर्धं काम केलं. उरलेलं अर्धं औरंगाबाद खंडपीठाच्या 21 ऑगस्ट 2020 च्या निकालानं. त्या निकालात अहमदनगर जिल्ह्यातल्या प्रकरणांतले 29 परदेशी नागरिक आणि त्यांना मशिदींत ठेवून घेणारे, या सगळ्यांवरचे गुन्हे रद्द झाले. साथ आली की सरकार बळीचा बकरा शोधतं, या अर्थाचं न्यायालयानं लिहिलं. दोन न्यायमूर्तींपैकी एकांनी काही निरीक्षणांपुरतं वेगळं मत नोंदवलं होतं, पण आदेशाशी ते सहमत होते. हेडसरांना मी तो निकाल मशिदीच्या ओट्यावर बसून मराठीतून समजावला होता. धर्मस्वातंत्र्याचं कलम 25 त्यांनी त्या दिवशी पाठ केलं.

असरची, म्हणजे दुपारनंतरची नमाज सुटल्यावर मी तिला आणि तिच्या भावाला घेऊन गेले. मशिदीच्या बाजूला एक खोली आहे, पंखा, चटया, भिंतीवर नमाजाच्या वेळांचं घड्याळ. ती दाराबाहेर उभी राहिली, पडद्याआड. हेडसरांनी चहा सांगितला. मी तिन्ही कागद पुढे ठेवले.

त्यांनी चष्मा लावून वाचले. शिक्षकच ते, पहिल्यांदा बोट ठेवलं 'सक्षम'वर. मग म्हणाले, "वकीलसाहिबा, मियाँ-बिवीचं भांडण आहे. दोन्ही घरची चार माणसं बसवू. दीनच्या, धर्माच्या कामाला कोर्टात नका नेऊ."

मी म्हणाले, "सर, चार माणसं बसली होती असं लिहिलंय. 6 जानेवारीला. हेच मला तपासायचंय."

मग त्यांना आमच्याच खंडपीठाचा 2002 चा पूर्णपीठाचा निकाल सांगितला, आम्ही वकील त्याला दगडू पठाण म्हणतो. तलाक दिला असं नुसतं कागदावर लिहून भागत नाही. वाजवी कारण होतं, त्याआधी दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला, आणि तलाक खरोखर उच्चारला, हे नवऱ्यानं साक्षीपुराव्यानं शाबीत करायचं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. आणि दोन्ही ठिकाणी आधार घेतलाय तो कुराणातल्या आयतींचाच. हेडसर मान हलवत होते. आयत त्यांनी माझ्या आधी म्हटली, अरबीतून. दोन्हीकडून एकेक पंच नेमा, ही.

पण वही काही निघेना. पाच मिनिटं ते तिच्या नवऱ्याचं चांगलं सांगत होते. लिंबेजळगावच्या 2018 च्या इज्तेम्याला, जमातीच्या मोठ्या मेळाव्याला, पाण्याच्या खिदमतीत तीन रात्री झोपला नव्हता, वगैरे. मला राग येत होता. तुमच्यावर वेळ आली तेव्हा हीच वही काखेत मारून तुम्ही माझ्या दारात उभे होतात, हे ओठांवर आलेलं मी चहाबरोबर गिळलं. बोलले असते तर त्यांनी वही दिली असती, पण मग ती त्यांच्या मनातून आलेली नसती, आणि अशा साक्षीदाराचं उलटतपासणीत काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

शेवटी ते आपणहून उठले. कपाटातून दोनशे पानी लाँगबुक काढलं, शाळेच्या वहीसारखं खाकी कव्हर घातलेलं. पानं उलटली. उर्दूत ओळी, आखलेले रकाने. तिच्या नवऱ्याचं नाव, मुद्दत चाळीस दिवस, रवानगी 28 डिसेंबर, जिल्हा रायचूर, वापसी 6 फेब्रुवारी. शेवटचा रकाना 'घर का इंतज़ाम'. त्यात सगळ्या नावांपुढे एकच शब्द लिहिलेला, वरून खालपर्यंत: जी, जी, जी.

हेडसरांचं बोट 6 फेब्रुवारीवरून सरकून त्या शेवटच्या रकान्यावर थांबलं.

"मी विचारलं होतं," ते म्हणाले. "तो जी म्हणाला. मी जी लिहिलं."

मग पडद्याकडे न बघता, मान खाली घालून त्यांनी विचारलं, "बेटी, जाते वक्त कितने छोड़ के गया था?"

बाहेरून आवाज आला, "छे सौ."

बराच वेळ कुणी बोललं नाही. वजूखान्यात, नमाजाआधी हातपाय धुतात तिथं, एक नळ गळत होता. हेडसरांनी आयुष्यभर गणित शिकवलेलं, ओठ हलताना दिसले. "पंद्रह रुपये रोज," ते म्हणाले. "तीन जनों के." वहीत त्यांनी पेन्सिलीनं काही खूण केली नाही, काही लिहिलं नाही. नुसती मिटली आणि हात वर ठेवला.

"समन्स काढा," ते म्हणाले. "मी आपणहून आलो तर उद्या साथी म्हणतील, हेडसर बाजू घेतात. कोर्टानं बोलावलं तर जावंच लागतं. आणि नुसतं माझं नाव नका टाकू. वहीसुद्धा मागवा, मागच्या वेळी कसं लिहिलं होतं तुम्ही?"

"दस्तऐवजासह हजर राहावे."

"हां. ते." मग दाराशी येऊन, अजूनही तिच्याकडे न बघता, "धाकटा बरा आहे ना आता?"

मगरिबची वेळ होत आली होती, आम्ही निघालो. भाऊ मोटरसायकलवर पुढे गेला. ती माझ्यासोबत चौकापर्यंत चालत आली. साक्ष कधी होईल, नवऱ्याला कळलं तर, सासू काय म्हणेल, यातलं काही तिनं विचारलं नाही. चौकात थांबली.

"तो आपा, निकाह है ना?"

"नवरा तलाक कोर्टात शाबीत करेपर्यंत आहे. आणि तिसरा कागद राहू दे, मला तर त्याचा दुसराच शाबीत होताना दिसत नाही."

"मतलब राशन कार्ड पे मेरा नाम बी है."

"आहे. कार्ड सासूकडे असलं तरी दुकानात आधार घेऊन जा. मशीनवर तुझाही अंगठा चालतो."

"दुकान सवेरे कितने बजे खुलती?"

मला माहीत नव्हतं. पानवाल्याला विचारून आम्ही तेवढं पक्कं करून घेतलं.