लंडनचं कार्टून म्युझियम: जाताना चश्मा विसरू नका

आधी पत्ता नीट घ्या. जुन्या गाइडबुकांत हे संग्रहालय ब्रिटिश म्युझियमच्या शेजारी, लिटल रसेल स्ट्रीटवर सापडतं. २००६ पासून ते तिथे होतं खरं, पण २०१९ मध्ये ६३, वेल्स स्ट्रीट इथे हललं. ऑक्सफर्ड सर्कसला उतरून ऑक्सफर्ड स्ट्रीटने टॉटनहॅम कोर्ट रोडच्या दिशेने चालू लागा. वेल्स स्ट्रीट डाव्या हाताला लागतो. दालन तळघरात आहे. सोमवारी बंद. ब्रिटिश म्युझियमसारखा प्रवेश फुकट नाही, तिकीट काढावं लागतं. जागा लहान आहे, पण दोन तास हाताशी ठेवा.

एक गोष्ट समजून गेलात तर पाहण्याची गोडी दुप्पट होते. अठराव्या शतकातली आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीची होगार्थ, गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकारांची चित्रं मुख्यतः तांब्याच्या पत्र्यावरून काढलेले छाप असतात. पत्र्यावर सगळं उलटं काढावं लागे, अक्षरंसुद्धा. गिलरेचं १८०५ मधलं ब्रिटिश पंतप्रधान पिट आणि नेपोलियन यांचं चित्र आठवा: दोघे मिळून पृथ्वीचं पुडिंग कापतायत. त्यातला बारीक मजकूर आरशातल्यासारखा उलटा कोरलेला होता, हे ध्यानात ठेवून त्याची चित्रं वाचा. रंग मागाहून हाताने भरत, म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींचे रंग जुळत नाहीत.

विसाव्या शतकाकडे आलात की मूळ हातची चित्रं भेटतात, आणि खरी मजा तिथे आहे. कॉमिकचं पान छापील आकारापेक्षा बरंच मोठं काढलेलं असतं. फिकट निळी पेन्सिल दिसली तर ती पुसायची राहिलेली नव्हे. छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसतच नसे, म्हणून पुसायची गरजच नव्हती. चुकलेल्या रेषेवर पांढऱ्या रंगाचा जाड थर असतो, संवादाचे फुगे कधी वेगळ्या कागदावर लिहून चिकटवलेले असतात आणि त्यांचा डिंक पिवळा पडलेला असतो. ‘बीनो’ या ब्रिटिश मुलांच्या कॉमिकच्या छापील अंकात यातलं काहीही दिसत नाही. काचेवर दिव्याची तिरीप येत असेल तर हातभर बाजूला सरकून तिरकं पाहा, पांढऱ्याचा उंचवटा लगेच कळतो.

आपल्याकडच्या वाचकांनी डेव्हिड लो हा विसाव्या शतकातला राजकीय व्यंगचित्रकार शोधावा. आर. के. लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे, दोघेही त्याला मानायचे. लोची कुंचल्याची जाड-बारीक होत जाणारी काळी रेषा पाहिली की का मानायचे ते उमगतं.

मात्र ठरावीक चित्र मनात धरून जाऊ नका. कागद आणि जलरंग उजेडाने विटतात, त्यामुळे दिवे मंद ठेवतात आणि चित्रं आलटून पालटून लावतात. एखाद्याच चित्रासाठी जाणार असाल तर ते सध्या भिंतीवर आहे का, हे आधी ईमेलने विचारून घ्या. गिलरेचे छाप पोटभर पाहायचे असतील तर ब्रिटिश म्युझियमच्या प्रिंट्स विभागाच्या अभ्यासिकेत आगाऊ वेळ घ्या. तिथून वेल्स स्ट्रीट चालत वीसेक मिनिटांवर आहे, त्यामुळे दोन्ही एका दिवसात होतं.