कोर्दोबात काकांनी वर बघितलं

टूर मॅनेजर म्हणून स्पेनला ग्रुप नेते, त्यातला हा एक दिवस लिहून ठेवावासा वाटला. कोर्दोबाची मेस्कीता, म्हणजे जुनी मशीद, जी १२३६ पासून कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च आहे. आत शिरलो आणि सगळे खांबांचे फोटो काढत सुटले, ८५६ खांब आहेत, कुठेही कॅमेरा धरा. पण साताऱ्याकडचे एक काका, आयुष्यभर गवंडीकाम केलेले, मान वर करून एकाच जागी उभे. मला म्हणाले, "पोरी, खांब बुटके पडलेत, म्हणून कमानीवर कमान चढवलीय बघ."

मी हे लोकल गाइडला सांगितलं तर ती इतकी खूश झाली की नेहमीचं सगळं सोडून काकांशीच बोलायला लागली आणि मी दोघांच्या मधे. कारण ते अगदी खरं आहे, इथला मुस्लिम राजा असलेल्या पहिल्या अब्द अल रहमानने ७८५ च्या सुमारास काम काढलं तेव्हा रोमन आणि व्हिसिगॉथ (रोमनांनंतर स्पेनवर राज्य करणारे) इमारतींचे जुने खांब आणून लावले, ते उंचीला पुरेनात, मग खालची कमान खांबांना एकमेकांत धरून ठेवते आणि वरची छताचा भार घेते. लाल विटा आणि फिकट दगड आलटून पालटून, त्यामुळे ते पट्टे. स्पेनमधल्याच मेरिदाच्या रोमन पाणीपुलावरून हे सुचलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात.

पुढे नंतरच्या काळात इथली सत्ता चालवणाऱ्या अल्मन्सूरने दहाव्या शतकाच्या शेवटी वाढवलेल्या भागात गेलो, तिथे काका परत थांबले. "इथं वीट नाही. दगडावर रंग मारलाय." तेही बरोबर!! गाइड म्हणाली, हे लोकांना दाखवून द्यावं लागतं.

मग जुन्या मशिदीच्या मधोमध नंतर नव्याने बांधलेलं कॅथेड्रल. १५२३ मध्ये बिशपने ते सुरू केलं, नगरपरिषदेचा इतका विरोध की कामावर जाणाऱ्याला मृत्युदंडाची धमकी, पण सम्राट पाचव्या चार्ल्सने परवानगी दिली. मला ते बघून दरवेळी वाईटच वाटतं, एवढ्या कमानी तोडल्या. काकांनाही वाटलं, पण त्यांचं लक्ष आजूबाजूच्या कमानींवर होतं, मधलं छत काढून एवढं उंच काम उभं केलं तरी त्या हलल्या नाहीत, "गवंडी पक्के होते" म्हणाले. जेवायला उशीर झाला, कुणी कुरकुरलं नाही. पुढच्या बॅचला इथे अर्ध्या दिवसाऐवजी मुक्काम ठेवा असा मेल मी बसमधूनच ऑफिसला टाकला.