रडायला पैसे लागतेत व्हय?

परभणी, मंगळवार रात्र

स्वतःला बदलण्याच्या महागड्या शिबिरांवरचे माहितीपट मी सध्या एकामागून एक बघतेय. प्रत्येक वेळी संपल्यावर जीव दोन्हीकडून ओढला जातो. मंचावरच्या माणसाचा राग येतो, आणि कधी कधी तेवढाच राग कॅमेऱ्याचाही येतो. खुर्चीत बसून हुंदके देणाऱ्यांविषयी मात्र मायाच वाटते, कारण तसल्या एका खुर्चीत माझा दादा बसून आलाय.

आज टोनी रॉबिन्स या अशी शिबिरं घेणाऱ्या अमेरिकन वक्त्यावरचा ‘आय ॲम नॉट युवर गुरू’ परत लावला. 2016 चा, जो बर्लिंजर यांचा. फ्लोरिडातल्या बोका रॅटनला 2014 च्या डिसेंबरात झालेलं सहा दिवसांचं शिबिर त्यात आहे. सुमारे अडीच हजार माणसं आणि माणशी जवळजवळ पाच हजार डॉलर फी. आजच्या भावानं चार लाखांच्या पुढं जाते. आमच्याकडं तेवढ्यात एखाद्या घरची सोयरीक ठरून साधंसं लग्न उरकतं.

त्यात एक तरुण बाई उभी राहते. तिचं लहानपण एका पंथात गेलेलं, तिथं झालेल्या लैंगिक अत्याचाराविषयी ती बोलायला लागते. बोलताना तिचं अंग थरथरत असतं. रॉबिन्स तिला मधेच तोडत नाही, घाई करत नाही. शेवटी सभागृहातल्या तिघा पुरुषांना तो पुढं बोलावतो आणि हिच्या पाठीशी उभं राहायचं म्हणून सांगतो. पहिल्या खेपेला मी इथं रडले होते, आजही डोळे भरून आले. हे खोटं आहे असं मला म्हणवत नाही. ज्या बाईचं आजवर कुणी ऐकून घेतलं नाही तिचं कुणीतरी ऐकलं, एवढं तर डोळ्यांपुढं घडतं.

त्याच सिनेमात दुसरी एक मुलगी आहे. तिच्याशी बोलता बोलता गाडी तिच्या मित्रावर येते आणि रॉबिन्स तिला तिथल्या तिथं त्याला फोन लावायला लावतो. ती लावते, आणि सगळ्यांदेखत नातं मोडून टाकते. मला तेव्हापासून त्या पलीकडच्या पोरानं सोडलेलं नाही. त्यानं फी भरली नव्हती, कुठल्या फॉर्मवर सही केली नव्हती. आपला आवाज कितीजण ऐकतायत, हे त्या क्षणी त्याला कसं कळावं? नातं तुटायचंच असेल तर तुटू दे, पण ते असं शिबिराच्या वेळापत्रकात बसवून तुटावं, हे मला पटत नाही.

बर्लिंजर स्वतः आधी या शिबिराला बसलेले होते आणि भारावून आले होते. ते सिनेमाभर जाणवतं. कॅमेरा प्रेमानं बघतो, ते मला चालतं. पण शिबिर उठल्यावर माणसं आपापल्या घरी गेली, त्या घरांना या सिनेमात फार थोडी जागा आहे. मला तर तेच बघायचं होतं.

कारण आमच्याकडं ते घर मी बघितलंय.

दादाचं सेलूजवळ बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान आहे. सोयाबीनला भाव मिळेना, म्हणून गावाची उधारी वसूल होईना, आणि वरून माल देणाऱ्याचा तगादा. अण्णांशी वाटणीवरून अबोला धरलेला. दादा रात्री उशिरापर्यंत दुकानात नुसता बसून राहायचा, शटर अर्धं ओढून. त्याच दिवसांत ओळखीतल्या एकानं त्याला मंगल कार्यालयातल्या एका दिवसभराच्या कार्यक्रमाला नेलं. तो फुकट होता. संध्याकाळी सांगितलं की खरं काम पुण्याला तीन दिवसांत होतं, आणि आज पैसे भरले तर सवलत आहे. दादानं भरले.

पुण्याहून आला तो घरी न येता थेट शेतातल्या आखाड्यावर गेला, अण्णांकडं. दोघं बाजेवर बसून रात्रभर बोलले. अण्णांनी दुसऱ्या दिवशी मला फोन करून सांगितलं, “पोरगं आलतं गं.” पुढं त्यांना बोलता आलं नाही. आमच्या घरातल्या कुणालाच जे साधलं नव्हतं ते त्या तीन दिवसांनी साधलं. हे मी नाकारणार नाही, कुणी कितीही म्हटलं तरी.

दादानं तिथली फाईल मला दाखवली. एका पानावर छापलेलं होतं: ज्यांच्याशी बोलायचं राहून गेलंय अशी पाच नावं लिहा. दादानं पहिलं नाव लिहिलं होतं ‘अण्णा’. दुसरं वहिनीचं. खालची तिन्ही नावं उधारी थकलेल्या शेतकऱ्यांची होती. एका नावापुढं त्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘यांच्या दारात जायची हिंमत होत नाही.’ ते पान मी फार वेळ बघत राहिले. दुकानदाराला कुळाच्या दारात जायची भीती वाटते, हे आम्हाला कधी कळलंच नसतं.

मग पुढची लेव्हल आली. तिची फी पहिलीच्या कितीतरी पट. वहिनीच्या पाटल्या बँकेत तारण गेल्या. त्या अजून तिथंच आहेत.

त्या दिवशी स्वयंपाकघरात दादा मला सांगत होता, “माय, तिथं मी ढसाढसा रडलो बघ. कुणी हसलं नाही, कुणी गप बस म्हणलं नाही.” वहिनी भाकरी थापत होती. ती मागं न वळताच म्हणाली, “रडायला पैसे लागतेत व्हय? मला सांगितलं असतं तर मी दार लावून घेतलं असतं.” दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तुझ्यापुढं कसं रडू? उधारीची वही तूच लिहितीस.”

दोघांचंही खरं आहे. म्हणून कुठलाही माहितीपट बघताना मला एका बाजूला बसता येत नाही.

‘एनलायटन अस’ बघताना तर फार त्रास झाला. जेनी कार्चमन यांचा हा माहितीपटही 2016 चाच. जेम्स आर्थर रे नावाच्या गुरूनं 2009 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ॲरिझोनात, सेडोनाजवळ शिबिर घेतलं. फी माणशी जवळजवळ दहा हजार डॉलर. माणसांना आधी दीड दिवस रानात अन्नपाण्यावाचून ठेवलं. मग पन्नासहून जास्त जणांना तापलेल्या दगडांच्या, वाफेनं भरलेल्या बुटक्या तंबूत बसवलं. तिघं मेले, अनेकांना दवाखान्यात हलवावं लागलं. 2011 मध्ये निष्काळजीपणानं मृत्यूला कारणीभूत ठरल्याबद्दल रे दोषी ठरला आणि त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर तो पुन्हा लोकांपुढं बोलायला उभा राहतो, तेही या माहितीपटात आहे.

बघणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की माणसं उठून बाहेर का आली नाहीत? काहीजण आलेही. पण ज्यांना निघावंसं वाटत होतं, त्यांना आत थांबायला भरीस घातलं जात होतं. एवढी फी भरलेली, एवढे दिवस सोसलेलं, शेजारचा उठत नाही, आणि अंग जे सांगतंय ती मनाची कमजोरी आहे असं आधीच पटवलेलं. दादा पुण्याहून येऊन एक वाक्य सारखं म्हणायचा: “मन पळ काढ म्हणलं की तिथंच थांबायचं.” उधारी मागायला जाताना हे वाक्य त्याच्या कामी आलं. तेच वाक्य त्या तंबूत जीव घेऊ शकतं. हे मला सेडोनाची हकिगत बघून कळलं, आणि त्या रात्री झोप लागली नाही.

विस्तवावरून चालायचंही तसंच. रॉबिन्सच्या दुसऱ्या एका शिबिरात लोक निखाऱ्यांवरून चालतात. 2016 च्या जूनमध्ये डॅलसला अशा वेळी तीसहून जास्त जण भाजले. आमच्याकडं मोहरमच्या आलाव्यात इंगळावरून चालणारी माणसं मी लहानपणापासून बघितलीत, हिंदू-मुसलमान दोन्ही, नवसाची. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही चालून दाखवतात आणि कारण सांगतात: लाकडाचा निखारा आणि त्यावरची राख उष्णता सावकाश सोडते, पाऊल क्षणभरच टेकतं. मधे थांबला तर भाजणारच. हे चालण्याआधी सांगणं आणि न सांगणं, यात मला मोठा फरक वाटतो. कारण ठाऊक असलेला माणूस चालून गेल्यावर आपल्या पायांवर विश्वास ठेवतो, ठाऊक नसलेला चालवणाऱ्यावर.

या सगळ्यांत मला जवळचा वाटला तो ‘द व्हाउ’. जेहान नूजैम आणि करीम आमेर यांची 2020 ची मालिका, नेक्सियम नावाच्या संघटनेवरची. 1998 ला यशस्वी होण्याचे अभ्यासवर्ग म्हणून सुरुवात झाली. गळ्यात रंगीत पट्टे, पट्ट्याच्या रंगावरून पायरी. शेवट कुठं झाला, तर बायकांच्या अंगावर डाग देण्यापर्यंत. ती चालवणाऱ्या कीथ रानिअरीला 2019 मध्ये न्यायालयानं दोषी ठरवलं आणि 2020 मध्ये 120 वर्षांची शिक्षा दिली. यात बोलतात ती आत राहून बाहेर पडलेली माणसं. शिकलेली, कर्तबगार, मनानं चांगली. आणि सुरुवातीच्या वर्गांचा आपल्याला फायदा झाला होता, हे सांगायला ती लाजत नाहीत.

मला हेच कुणाकडून तरी ऐकायचं होतं. गुण आला हे खरं होतं, म्हणून तर पुढचे पैसे गेले. पहिल्या तीन दिवसांत काहीच मिळालं नसतं तर दादा दुसऱ्यांदा गेलाच नसता. काही माहितीपट गुण दाखवतात, काही नुकसान दाखवतात, आणि बघणारा एक तर भारावतो, नाहीतर ‘कशी फसतात ही माणसं’ म्हणून मोकळा होतो. ‘कशी फसतात’ हे माझ्या कानांना सहन होत नाही. पोटात दुखणं साठलेलं असताना ज्यानं आधी विचारलं त्याच्याकडं माणूस जातो.

आणि आपल्याकडं विचारतं कोण? हरिनाम सप्ताहात माणसांचं मन मोकळं होतं, काल्याच्या कीर्तनाला बाया पदरानं डोळे पुसतात, मीही पुसते. तिथं पंगतीत फी कुणी विचारत नाही. पण तुझं नेमकं काय दुखतंय, असं तिथंही एकेकट्याला कुणी विचारत नाही. सरकारनं शेतकऱ्यांच्या मनाच्या आरोग्यासाठी 2015 ला प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात मराठवाड्यातले जिल्हे आहेत. 2022 च्या ऑक्टोबरपासून टेली-मानस या फोनवर मनाचं दुखणं सांगायच्या सरकारी सेवेचा 14416 हा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “ते वेड लागलेल्यांसाठी असतंय.” पुण्याच्या हॉटेलात जाणं म्हणजे प्रगती आणि सरकारी नंबर फिरवणं म्हणजे वेड, हे ओझं त्याच्या डोक्यावरून कसं उतरवायचं, त्याच विचारात मी आहे.

दादाला आता तिसऱ्या लेव्हलचे फोन यायला लागलेत. रविवारी तो आणि वहिनी दोघं जेवायला येणार आहेत. सेडोनाचं काही दाखवायचं नाही असं मी ठरवलंय, ते बघून तो लगेच ‘आमच्याकडं तसं नाही’ म्हणेल. त्या फोनवरच्या पोराचा प्रसंग लावणार आहे. वहिनी शेजारी बसलेली असताना विचारायचंय, की दादा, त्या दिवशी तुझ्या लेव्हलची फी ठरली, तेव्हा फोनच्या पलीकडं कोण होतं?