पंपाची खोपी बोल्टने आवळली

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात शिरलं, तेव्हा आमच्या वाडीतल्या पंपाच्या खोपीचे पत्रे वाशांसकट पोफळींत जाऊन अडकले. नवी बांधताना गवंडी म्हणाला, "भाऊ, चिऱ्याची भिंत आहे, वजन पुरे." पण वारा नुसता ढकलत नाही, छपरावरून जाताना ते वर खेचतो. म्हणून जोत्याचं काँक्रीट ओलं असतानाच त्यात जे-बोल्ट, म्हणजे इंग्रजी J सारखे खाली वाकवलेले बोल्ट पुरले, खालची आकडी सळईखाली अडकवून. त्यावर लोखंडी खांबांच्या बेसप्लेट (बुडाच्या सपाट पट्ट्या), रुंद वायसर, दोन-दोन नट. छपराच्या कैच्याही खांबांना बोल्टनेच. सगळं गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं; खाऱ्या हवेत साधं लोखंड किती टिकणार? आई म्हणते, एवढ्या पैशांत म्हैस आली असती.