मेहरूणच्या तळ्याकाठी, सरांबरोबर

‘बोरं खायला येतोस का?’ सरांनी फोनवर एवढंच विचारलं.

सर म्हणजे आमचे चित्रकलेचे मास्तर. कल्याणला पाचवी ते दहावी त्यांनी आम्हाला चित्रकला शिकवली. म्हणजे आम्ही डबे वाजवायचो आणि ते फळ्यावर शांतपणे मोर काढायचे. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून जळगावकडच्या त्यांच्या गावाबद्दल एकच वाक्य ऐकलेलं, ‘आमच्या मेहरूणला असलं पाणचट बोर कुणी ढोरालाही घालत नाही.’ संक्रांत नुकतीच झाली होती, माझी रजा शिल्लक होती. गेलो.

सकाळची गाडी पकडली. कसारा घाट चढून नाशिक, मनमाड मागे पडलं की हवेतच फरक जाणवतो. नांदगावच्या पुढे जमीन काळी होत जाते आणि आभाळ उगाच मोठं वाटायला लागतं. शेवटच्या वेचणीची कपाशी उभी होती, झाडावर चुकार कापूस लोंबत होता. सर खिडकीशी बसून काही बोलत नव्हते. चाळीसगाव आल्यावर एकदम म्हणाले, ‘उतर.’

‘सर, तिकीट जळगावचं आहे.’

‘जळगाव कुठे पळून जातंय? पुढची गाडी आहे ना.’

चाळीसगावला स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर आहे, ते सरांना मला दाखवायचं होतं. केकी मूस जन्माने मुंबईचे, १९१२ सालचे. विलायतेत कला आणि फोटोग्राफी शिकून आले आणि आईवडिलांच्या या घरात राहिले ते १९८९ साली जाईपर्यंत. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी उंबरठा ओलांडला नाही म्हणतात, अगदी मोजके प्रसंग सोडले तर. घराला त्यांनी नाव दिलं होतं रेम्ब्रांट्स रिट्रीट. आता तिथे संग्रहालय आहे. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, दिवा असा काही लावायचा की फोटोत अख्खं गाव, डोंगर, वादळ उभं राहावं. या टेबलटॉप फोटोग्राफीने त्यांचं नाव देशाबाहेर गेलं. शिवाय चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्यांची कला, संगीत, सगळंच.

चाळीसगावात त्यांची एक प्रेमकहाणी कुणीही सांगतं. मुंबईची प्रेयसी येईन म्हणाली होती, म्हणून गाडीच्या वेळेला ते रोज दार उघडून वाट पाहत. मी ती कहाणी भारावून ऐकत होतो, तर सर कानाशी पुटपुटले, ‘प्रेयसी राहू दे. तो म्हाताऱ्याच्या गालावरचा उजेड बघ.’ एका फोटोसमोर ते दहा मिनिटं हलले नाहीत. बाहेर पडताना म्हणाले, ‘या माणसाने दार लावून घेतलं आणि सगळं राखलं. माझं पहिलं काम तर सगळं पाण्यात गेलं.’

मला वाटलं, ‘पाण्यात गेलं’ म्हणजे वाया गेलं. तसं नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

जळगावची गाडी दीड तास उशिरा आली. पाचोरा, म्हसावद करत शिरसोली गेल्यावर सर उठून दारात जाऊन उभे राहिले, शाळकरी पोरासारखे. स्टेशनबाहेर थंडीने दणका दिला. खानदेशचं ऊन सगळ्यांना माहीत असतं, थंडीबद्दल कुणी बोलत नाही. मी एक पातळ स्वेटर घेऊन गेलो होतो. रात्री सरांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, दोन गोधड्या दिल्या तेव्हा कुठे झोप लागली.

मेहरूण पूर्वी जळगावशेजारचं गाव होतं, आता शहरातलाच एक भाग आहे. जुन्या गावठाणात मात्र अजून ओटे आहेत, ओट्यांवर माणसं आहेत आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकतात. सरांना इथे ‘सर’ म्हणणारं कुणी नाही. ते इथे नाना. ‘काय नाना, कधी आला भो?’ हा प्रश्न ताईंच्या घरापासून तळ्यापर्यंत मी अकरा वेळा मोजला. अकराही वेळा सरांनी थांबून उत्तर दिलं.

तळ्यावर सकाळी सातला पोचलो. खरं सांगायचं तर पहिल्या नजरेला माझा विरस झाला. मी मनात कुठलं तरी कॅलेंडरवरचं तळं धरून गेलो होतो, कमळं, घाट, दगडी पायऱ्या वगैरे. मेहरूणचं तळं तसं नाही. ते सपाट, उघडं, पसरट आहे. काठाने फिरायला आलेले कानटोपीवाले लोक, मोबाईलवर भजनं लावून झपझप चालणाऱ्या बायका, फोटो काढणारी कॉलेजची पोरं. पण धुकं थोडं वर सरकलं आणि मधल्या पाण्यावर बदकांचा एक मोठा थवा दिसला. हिवाळ्यात इथे लांबून पक्षी येतात. काठावर एक ढोकरी, बगळ्याच्या जातीचा मातकट पक्षी, इतकी स्थिर उभी होती की मला दगडच वाटला. उडाली तेव्हा पांढरेशुभ्र पंख उघडले आणि मी दचकलो. सर हसले. ‘ती अशीच फसवते. मातकट दिसते आणि आत चुना.’

मग त्यांनी हाताने दाखवलं, ‘त्या बाजूला माझं पहिलं प्रदर्शन आहे.’

जळगावचे गणपती या तळ्यात विसर्जित होतात. सर तेरा-चौदा वर्षांचे असताना घराजवळच्या गणपतीच्या कारखान्यात जायला लागले. आधी माती मळणं, मग पॉलिश पेपर, मग अंगाचा रंग, मग पितांबर. आणि तिसऱ्या वर्षी मालकाने शून्य नंबरचा ब्रश हातात देऊन आखणीला बसवलं. आखणी म्हणजे डोळे रेखणं. सगळी मूर्ती कुणीही रंगवावी, डोळे मात्र एकाच हाताचे. वरच्या पापणीची रेघ एका श्वासात ओढायची. मध्ये श्वास घेतला तर रेघ थरथरते आणि देव घाबरल्यासारखा दिसतो. एक डोळा जमतो हो, सर सांगत होते, खरी परीक्षा दुसऱ्याची. दोन्ही बुबुळं एकाच ठिकाणी बघायला हवीत, आणि ते ठिकाण म्हणजे समोर पाटावर बसलेला माणूस. जास्त वर गेली तर देव छत बघतो, खाली गेली तर मोदक बघतो.

चार हंगामांत त्यांनी किती जोड्या रेखल्या याचा हिशेब नाही. अनंत चतुर्दशीला ते काठावर उभे राहून आपल्या मूर्ती ओळखायचे. ‘लोक बाप्पाला निरोप द्यायचे. मी डोळ्यांना द्यायचो.’

तेव्हा बहुतेक मूर्ती शाडूच्या, त्या विरघळून जायच्या. शेवटच्या दोन वर्षांत कारखान्यात प्लास्टर आलं. काम झटपट, वजन हलकं, मालक खूश. पुढच्या मे महिन्यात तळ्याचं पाणी उतरलं आणि सर मित्रांबरोबर चिखलात मासे धरायला गेले, तर एक मूर्ती अर्धी गाळात रुतलेली. सोंड तुटलेली, रंग सगळा गेलेला. डोळ्यांच्या जागी नुसते पांढरे खळगे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तो. घरी येऊन जेवला नाही. आईने विचारलं तर म्हणाला, पोट दुखतंय. त्या भाद्रपदात कारखान्यात गेला नाही आणि पुढच्या वर्षी मुंबईला निघून गेला.

‘त्या मूर्तीमुळे गेलात?’

‘छे रे. पोटामुळे गेलो. इथे चित्रकाराला गणपतीनंतर दहा महिने काय खायचं?’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘पण त्या मूर्तीमुळे परत यायला उशीर केला.’

मी विचारलं की तळ्याचं चित्र कधी काढलंत का. निसर्गचित्राच्या तासाला त्यांनी आमच्याकडून खाडी, बंदर, डोंगर, झोपडी, सगळं काढून घेतलेलं मला आठवत होतं. त्यांनी मान हलवली. नाही. पाण्यावरचा उजेड रंगवायला त्यांची ना नव्हती. त्यांना खालचं दिसत राही.

काठाच्या रस्त्यावर एक म्हातारी टोपलीत बोरं घेऊन बसली होती. मी भाव विचारला तर तिने मूठभर माझ्या हातावर ठेवली, ‘चाखी पहा ना भाऊ, साखर शे साखर.’ मेहरूणच्या बोरांचं नाव महाराष्ट्रभर आहे. फळबागांच्या पुस्तकात ‘मेहरूण’ ही बोराची एक जातच सांगितलेली असते. पातळ साल, करकरीत गर, आणि आंबटपणा शेवटी, गिळून झाल्यावर येतो. सरांचं ते पाणचट बोरांबद्दलचं वाक्य मला त्या क्षणी पटलं. दोन किलो घेतली. ताई म्हणाल्या, पूर्वी घ्यावी लागत नसत, कुंपणावरून हात घातला की झालं. आता त्या बोरींच्या जागी प्लॉट पडले.

दुपारी जुन्या जळगावात चौधरी वाड्यात गेलो. बहिणाबाई आसोद्याच्या लेक, १८८० साली जन्मलेल्या, आणि या वाड्यात सून म्हणून आल्या. वाडा आता स्मृतिसंग्रहालय आहे. त्यांच्या वापरातली चूल, जातं, भांडी, शेतीची अवजारं जपून ठेवलेली आहेत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात जाता-येता जे सुचलं ते म्हटलं. मुलगा सोपानदेव, स्वतः कवी, त्याने आणि घरातल्या माणसांनी जेवढं टिपलं तेवढं उरलं. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि पुस्तक निघालं १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. जात्यापाशी सर बराच वेळ उभे होते. मला वाटलं आता पाण्यात गेलेल्या कामाबद्दल काही तरी बोलतील. तर म्हणाले, ‘खुंटा बघ किती गुळगुळीत झालाय.’

संध्याकाळी सरांच्या बालमित्राच्या मळ्यात भरीत. यावर स्वतंत्र लेख लिहायला हवा, इथे आवरतं घेतो. बामणोदकडची मोठी, हिरवट पांढरी वांगी. तेलाचा हात लावून, टोचे मारून पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजलेली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला इथे भरीत म्हणत नाहीत, नुसतं ‘हं’ म्हणतात. सोललेला गर लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणाबरोबर ठेचायचा, वर फोडणीत शेंगदाणे आणि कांद्याची पात. बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. भाजायच्या आधी सरांनी एक वांगं हातात घेऊन कंदिलासमोर फिरवलं. या हिरव्यात थोडा पिवळा आणि अगदी चिमूटभर जांभळा आहे म्हणे, पण पेटीतल्या रंगांनी तो कधी साधला नाही. मित्र म्हणाला, ‘नाना, आता ते खाली ठेव, भूक लागली आहे.’

जेवताना अजिंठ्याचा विषय निघाला, जळगावहून तो साठेक किलोमीटर. दोघांची शाळेची सहल तिथेच गेली होती. त्यावरून सरांनी रॉबर्ट गिलची गोष्ट काढली. १८४४ पासून वर्षानुवर्षं त्या इंग्रजाने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या, त्या लंडनला पाठवल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. गिल पुढेही इकडेच राहिला. १८७९ मध्ये वारला, थडगं भुसावळला आहे. ‘त्याचं आगीत, माझं पाण्यात,’ सर म्हणाले आणि स्वतःच हसले. ‘पण तो मोठा माणूस होता हो. वाढ रे अजून.’

निघायच्या दिवशी सकाळी ताईंच्या घरामागच्या गल्लीत प्लास्टरचा वास आला. सर थबकले. जुना कारखाना केव्हाच बंद झाला, पण त्या मालकाच्या नातवाने जवळच शेड टाकली आहे. आत गणेशोत्सवाच्या कच्च्या मूर्तींच्या रांगा, पांढऱ्याफटक, सगळ्या आंधळ्या. एका बाजूला माघी गणपतीच्या ऑर्डरच्या पाच-सहा लहान मूर्ती रंगून तयार, आखणी तेवढी बाकी. पोरगा पंचविशीचा. आजोबांकडून नानांचं नाव ऐकलेलं. त्याने स्टूल पुसलं आणि ब्रश पुढे केला.

सरांनी नको नको म्हटलं, मग बसले. चष्मा वर सरकवला. ब्रशचं टोक ओठात धरून टोकदार केलं (ही सवय आम्हाला वर्गात फटके देऊन मोडायला लावली होती, हे नमूद करतो). श्वास धरला आणि डावी पापणी ओढली. एकच रेघ, सुरुवातीला जाड, शेवटी केसाएवढी. पोरगा ‘वाह’ म्हणाला.

उजव्या डोळ्याच्या वेळी मध्यावर हात किंचित हलला. सरांनी सावरून बुबुळ ठेवलं, मागे झाले, मान तिरकी करून पाहिलं. पुन्हा पाहिलं. दोन्ही डोळे एकाच ठिकाणी बघत नव्हते. उजवा जरासा बाहेर, दाराकडे बघत होता.

‘राहू द्या नाना, मी पुसून करतो,’ पोरगा म्हणाला.

‘कर,’ सर म्हणाले. ब्रश पाण्यात खळखळ धुतला, कापडाला टिपला, परत दिला. दारापर्यंत आले आणि वळून विचारलं, ‘ही कुठली, जळगावचीच?’

‘हो, इथलीच आहे. मेहरूणमधली.’

‘मग पुसू नको.’

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले. गाडीला पाऊण तास होता आणि बोरांची पिशवी अजून ताईंच्या ओट्यावरच होती.